जास्वंदीची साक्ष

बाबलीने पाकिटातून फोटो काढून स्टुडिओच्या टेबलावर ठेवला, तेव्हा माझा राजा त्यात नव्हता.

चेहरा होता. हातातला आरसाही होता. पण ज्या लाल अंगरख्यावर मी अकरा दिवस घालवले तो अंगरखा आणि मागची हिरवीगार केळ, दोन्हींचा मिळून एक करडा चिखल झाला होता. त्या चिखलात पांढरं फटफटीत तोंड तरंगत होतं.

"ह्या काय रे बाबली?"

"फोटो, वयनी."

"माझो राजा खंय आसा?"

त्याने फोटो दाराच्या उजेडाकडे धरला. "आसा थयच. जरा नीट बघा."

नीट बघा! मला! तीन इंच बाय चार इंचाच्या कागदावर, ह्यांच्या कचेरीतून टाकून दिलेल्या भिंगाखाली, दोनतीन केस उरेपर्यंत कातरलेल्या ब्रशाने मी ते चित्र काढलं होतं. राजाचं काम करणारा दशावतारी नट नाटकाआधी केळीत बसून तोंड रंगवतोय, एवढंच. पण त्याच्या अंगरख्यावरची वेल मोजली तर पानं एकशेचाळीस भरतील.

हे सगळं मुंबईच्या एका संस्थेच्या पत्रामुळे. कुठल्याही शाळेत चित्रकला न शिकलेल्यांचं प्रदर्शन त्यांनी ठरवलं होतं, चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. आधी चित्राचा फोटो पाठवायचा, तोही काळा-पांढरा, शेजारी आकार कळेल अशी एखादी वस्तू ठेवून. फोटो पसंत पडला तरच मूळ चित्र मागवणार. शेवटची तारीख तीस नोव्हेंबर. शेहेचाळीस वर्षांची झाले तरी माझी चित्रं साड्यांच्या ट्रंकेतून बाहेर पडली नव्हती. हा फोटो गेला नसता तर तिथेच डांबरगोळ्यांच्या वासात राहिली असती.

पाकीट पिशवीत घालून निघाले आणि स्टुडिओच्या काचेच्या कपाटाशी थबकले. आत दुसऱ्या एका चित्राचा फोटो लावला होता. बंदर, होड्या, डोलकाठ्या. एकेक दोरी मोजून घ्यावी इतका स्पष्ट. चित्र बाबलीच्या बायकोचं, मथुराचं. तीही त्याच संस्थेला पाठवणार होती.

संशय यायला मला एवढं पुरलं.

घरी ह्यांना सांगितलं. आमचे हे, म्हणजे विश्राम, तहसील कचेरीत कारकून. सुपारी कातरता कातरता म्हणाले, "अगो, तो बाबली असा कित्याक करीत?"

"बायल आसा तेची."

"बायल आसा म्हणान?"

"तुमी माझ्यासाठी कोणाचा वायट करशात काय?"

हे विचारात पडले. तो विचार बराच लांबला आणि मला दुसराच संशय यायला लागला, पण तो मी पुढे कधीतरी बघू म्हणून बाजूला ठेवला.

दुसऱ्या दिवशी चित्र बिस्किटांच्या डब्यात घातलं आणि सकाळच्या एसटीने कुडाळ गाठलं. तिथे धोंडू नावाचा फोटोग्राफर होता. चांगला मनुष्य वाटला. मग त्याने विचारलं, "मालवणसून इलात? म्हणजे आमच्या बाबलीक वळखत असशात."

"आमच्या?"

"रोल संपलो काय माझ्याकडसूनच नेता मा तो."

तिथूनच परत फिरणार होते. पण तारीख तोंडावर आली होती. "उन्हात काढा," मी बजावलं. बाबलीकडेही मी उन्हातच काढायला लावला होता. आतल्या दिव्यांवर माझा विश्वास नव्हता. आकारासाठी काढून ठेवलेली काडेपेटी घरीच राहिली होती, म्हणून धोंडूने कुंपणावरची जास्वंद एका पानासकट खुडून चित्राशेजारी ठेवली.

दोन तासांनी फोटो हातात आला. तोच चिखल. तेच तरंगतं तोंड.

परतीच्या एसटीत मी कट पुरता उलगडला. आदल्या संध्याकाळी बाबलीने कुडाळला फोन केला असणार. 'एक बाई येतली, डब्यात चित्र घेऊन.' पोस्टातल्या माणसाने फोन जोडून दिला असणार, म्हणजे तोही त्यांच्यातलाच. कसालपर्यंत अर्धं मालवण माझ्याविरुद्ध उभं राहिलं होतं.

कसालला गाडी थांबली. ड्रायव्हर चहाला उतरला. त्या सगळ्यांच्या नावाने बोटं मोडावीत म्हणून मी फोटो पुन्हा बाहेर काढला आणि माझी नजर जास्वंदीवर गेली.

फूल कुठलं आणि पान कुठलं ते कळत नव्हतं. लालभडक पाकळी आणि हिरवंगार पान, दोन्ही एकाच करड्या रंगाची. मधल्या केसराचे ठिपके तेवढे उजळ.

बाबलीने धोंडूला फितवलं असेल, पोस्टवाल्यालाही फितवलं असेल. जास्वंदीला कसं फितवणार?

स्टँडवरून घरी न जाता थेट स्टुडिओत गेले. बाबली नव्हता. मथुरा टेबलाशी बसून लग्नाच्या एका काळ्या-पांढऱ्या फोटोवर रंग चढवत होती. काडीला कापूस गुंडाळून नवरीच्या गालावर गुलाबी फिरवत होती. स्टुडिओतलं हे काम कित्येक वर्षं तिच्याकडेच होतं, हे मला ठाऊक होतं. त्याचा माझ्या राजाशी काही संबंध असेल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

मी दोन्ही फोटो आणि मूळ चित्र तिच्यापुढे ठेवलं. ती बराच वेळ बघत राहिली.

"वयनी, डोळे अर्धे मिटा आणि बघा. रंग बघू नकात. काळोख बघा."

मिटले.

"लाल आणि हिरवो, दोगांचो काळोख एकच आसा. कॅमेऱ्याक तेवढोच दिसता. केळीत निळो-काळो भरा, अगदी रात करून टाका. आणि अंगरख्याच्या कडेक पांढऱ्याची बारीक रेघ."

"माझी केळ काळी करू?"

"अंगरख्यामागची तेवढी."

माझ्याकडे चित्र एकच होतं आणि दिवस सहा. मथुराचं चित्र त्याच संस्थेला जाणार. तिचं ऐकून मीच माझं चित्र नासवलं, तर तिला बोटसुद्धा हलवायला नको. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ती पुन्हा नवरीच्या गालाकडे वळली होती.

सकाळी पडवीत बसले. दोरीवर माझं लाल लुगडं वाळत होतं, मागे पपनसाचं झाड. डोळे अर्धे मिटले. लुगडं झाडात विरून गेलं. उघडले, परत आलं. असं दहा-बारा वेळा केलं, तेव्हा ह्यांनी विचारलं, "डोळे इलेत काय गो तुझे?"

पहिला काळा ठिपका केळीच्या बुंध्याशी दिला, चुकलाच तर झाकता येईल असा. मग दुसरा. दुपारच्या जेवणापर्यंत अंगरख्यामागे काळोख दाटला होता आणि लाल असा उठून आला होता की मी ब्रश खाली ठेवून नुसती बसून राहिले. तोच लाल. मी त्याला हातही लावला नव्हता.

या खेपेला बाबलीने मला उन्हात काढू दिलं नाही. "तुमच्या रंगावर चकाकी आसा. उन्हात ती पांढरी मारता. तेव्हाच सांगी होतंय, तुमी ऐकूक नाय." त्याने चित्र स्टुडिओच्या पडवीत, सावलीत मांडलं, कॅमेरा सरळ वरून लावला आणि एका अंगाला दोन काठ्यांवर पांढरा पंचा ताणला, तिकडून उजेड परतून यावा म्हणून. शेजारी काडेपेटी.

"रोल आसा मा आत?" मी विचारलं.

"उघडून दाखवू? मगे तुमचो राजा जायत तो कायमचो."

मी दोन पावलं मागे सरले.

फोटोत राजा बसला होता. वेलीची पानं मी भिंगाने मोजली नाहीत, पण मोजता आली असती. पाकीट मी स्वतः पोस्टात नेलं आणि शिक्का पडेपर्यंत खिडकीशी उभी राहिले.

जानेवारीत पत्र आलं. मूळ चित्र नीट बांधून पाठवावं, असं.

मथुराला नकार आला होता. त्याच संध्याकाळी ती आपला बंदराचा फोटो घेऊन आमच्याकडे आली. बसली नाही.

"ह्येंनी तुमच्या येळेक पंचो बांधल्यानी," ती म्हणाली. "माझ्या येळेक नाय बांधल्यानी."

"अगो, तुझो फोटो किती स्पष्ट इलो."

"पण पंचो नाय बांधल्यानी."

मी तिच्या हातातून फोटो घेतला, डोळे अर्धे मिटले. होड्या काळ्याकुट्ट, आभाळ पांढरंफेक. वाळू पांढरी, पाणीही पांढरं. दोरी न् दोरी दिसत होती, पण होड्या कशावर उभ्या होत्या ते कळत नव्हतं.

"मथुरा, तुझ्यात मधलो रंग नाय गो. वाळू जरा करडी कर. पाण्यात तीन-चार तऱ्हेचो काळोख घाल. होड्यांक हात लावू नको."

ती माझ्याकडे बघत राहिली. ती नजर माझ्या चांगली ओळखीची होती.

"ह्या माका आता कित्याक सांगतास?"

"पुढल्या वर्सासाठी."

"हं," म्हणून तिने फोटो माझ्या हातातून काढून घेतला. चहाला थांब म्हटलं तर नको म्हणाली. आमच्या वाडीच्या वळणावर मात्र ती उभी राहिलेली दिसली. हात लांब करून फोटो धरला होता, मान एका बाजूला, डोळे अर्धे मिटलेले. मग तिने मागे वळून बघितलं, मी पडवीत उभी होते, आणि फोटो झटकन पदराआड गेला.