गाठोड्यांची वेबसाइट

माझी बायको महामाया जाऊन चार महिने झाले. ती लोकांच्या जुन्या साड्यांच्या वाकळा शिवायची. लोक साड्या आणून द्यायचे, ती गाठोडं बांधून ठेवायची. कुठलं कोणाचं, हे कुठंही लिहिलेलं नाही. सगळं तिच्या डोक्यात. आता घरात पाच गाठोडी पडली आहेत आणि विचारायला ती नाही.

मुलगी लुंबिनी नांदेडला असते. महिनाअखेरीस मला तिकडं नेणार आहे. "बाबा, देऊन टाका कोणाला तरी," म्हणते. लोकांच्या आयांच्या साड्या अशा कशा देऊन टाकायच्या?

लातुरात वेबसाइट बनवायची दोन दिवसांची कार्यशाळा होती. मी एसटीत मेकॅनिक होतो. हातानं करायला शिकवतात म्हटल्यावर गेलो.

शिकवणाऱ्या तनुजा मॅडमनी विचारलं, "काका, व्यवसाय काय?"

"व्यवसाय नाही. गाठोडी परत करायचीत."

"मग दुकानाचा साचा घेऊ. त्यात फोटो नीट बसतात."

कसले बसतात! फोटो उजवीकडं सरकवला की मथळा खाली पडायचा. मथळा वर घेतला की फोटो गायब. बसचा नट एकदा आवळला की जागेवर राहतो. इथं एक आवळलं की दुसरं ढिलं.

शेजारी वीरण्णा, डाळीचा व्यापारी. त्याची वेबसाइट तासाभरात झाली. तुरीच्या डाळीपेक्षा त्याचाच फोटो मोठा. माझ्या पडद्यात डोकावून म्हणाला, "आनंदराजभाऊ, सगळं दाखवू नका. एकेक खूण मागं ठेवा. नायतर उद्या अख्खं लातूर म्हणंल, आमच्याच आईच्या साड्या."

हे मात्र पटलं. हिरव्या साडीचा पदर जळलेला होता. तो मी फोटोत आत दुमडला.

प्रत्येक फोटोखाली 'खरेदी करा' असं बटण होतं. पुसलं तर परत यायचं. किंमत भरल्याशिवाय पान पुढं जाईना. वैतागून सगळीकडं शून्य टाकलं. खाली माझा नंबर दिला. चार वाजता वेबसाइट सुरू झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वीरण्णानं ती त्याच्या साऱ्या ग्रुपांवर ढकलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकतीस ऑर्डरी. शून्याच्या जागी त्या शहाण्या साच्यानं आपल्या मनानं 'मोफत' छापलं होतं. जळकोटहून एका बाईचा फोन आला.

"साड्या वाटून राहिले म्हणं तुमी? मला दोन सुना हायत. दोन पाठवा."

मी मॅडमवर भडकलो. "बटण काढा, नाहीतर वेबसाइटच काढा!"

त्या ऑर्डरी चाळत होत्या. म्हणाल्या, "काका, ही वाचा."

नाव सुकन्या, गाव औसा. निरोपाच्या चौकटीत लिहिलं होतं, 'हिरवी साडी दुसऱ्या कोणाला देऊ नका. माझ्या आईची आहे. पदर चुलीवर जळलेला आहे. बाईंचा फोन बंद लागतो. वाकळ शिवून झाली का?'

मी फोन लावला. म्हणालो, "मी महामायाचा नवरा. ती गेली, ताई. वाकळ व्हायची राहिली."

ती म्हणाली, "मला म्हाईतच न्हाई, काका. तशीच द्या. उद्या येते."

मॅडम हळूच म्हणाल्या, "सापडलं, काका. बटण काढता येतं. काढू?"

"राहू द्या. अजून चार गाठोडी आहेत."

सुकन्या एसटीनं आली. तिनं गाठोडं सोडलं. चार साड्या एकमेकींना टाचलेल्या होत्या आणि कडेला दोरा ओवलेली सुई तशीच टोचलेली. तिनं ती काढून माझ्या हातावर ठेवली.

"बाईंची हाय. ठेवा."

मी सुई घेतली. कुठं ठेवावी कळेना, म्हणून शर्टाच्या खिशाला टोचली. तेवढ्यात फोन वाजला.

"साड्या फुकट मिळतात तो नंबर हाच का?"

"नाही. तुमच्या आईच्या आहेत का त्या?"

"न्हाई."

"मग ठेवा फोन."