अप्पांच्या खोलीत दोन

आमच्या घरात माणसं मोजणारा एक डबा आहे. पॅसेजमधल्या चपलांच्या कपाटावर तो दिवसरात्र घरघरत बसलेला असतो. दुकानात त्याला सर्व्हर म्हणतात. माझी बायको त्याला सवत म्हणते.

अप्पा, म्हणजे माझे वडील, गेल्या वर्षी बाथरूममध्ये पडले आणि दीड तास कुणाला पत्ता नव्हता. तेव्हा मी हा उद्योग केला. कॅमेरा लावतो म्हटलं तर म्हणाले, "मी काय दुकान आहे?" मग प्रत्येक खोलीत, पॅसेजमध्ये आणि बाहेरच्या दारापाशी काडेपेटीएवढा सेन्सर बसवला. माणूस हलला नाही, नुसता श्वास घेत राहिला, तरी त्याला कळतं. डबा सगळा हिशेब जुळवून स्वयंपाकघरातल्या स्क्रीनवर आणि माझ्या फोनवर दाखवतो: स्वयंपाकघर एक, पॅसेज शून्य, अप्पांची खोली एक. त्या एकावर आमचा जीव टांगलेला. अप्पांचं हृदय पार थकलंय; काही झालं तर पहिली दहा मिनिटं महत्त्वाची, असं डॉक्टरीणबाईंनी बजावून ठेवलं होतं.

गेले तीन आठवडे अप्पांच्या खोलीत दोन दाखवत होतं.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. तीस वर्षांत भुतानं अडकवलेली एकही लिफ्ट पाहिली नाही. दर वेळी कुठेतरी काजळी धरलेला स्विच निघतो. इथेही माशी कुठे शिंकली ते मला ठाऊक होतं. चालू होताना डबा आपली सगळी अक्कल एका नखाएवढ्या पेनड्राइव्हवरून वाचून घेतो, आणि तो पेनड्राइव्ह मान टाकायच्या बेतात होता. तसे इशारे रोज लाल अक्षरांत येत होते. आज सुट्टी घेऊन नवा आणला.

दुपारी अप्पांना सांगायला गेलो. ते खिडकीशी खुर्चीत बसले होते. शेजारी दुसरी खुर्ची ओढून घेतलेली.

"अप्पा, अर्धा तास डबा बंद राहील. काही वाटलं तर हाक मारा."

"बंद कशाला करतोस? बरोबर तर दाखवतोय. सूनबाई सांगत होती, दोन म्हणून."

"तोच तर घोळ आहे ना."

"घोळ कसला? दोघंच तर आहोत आम्ही."

अंगावर काटा आला आणि लगेच रागही आला. मला भीती वाटली की राग येतो, हे माझं जुनं दुखणं. "आईला जाऊन दोन वर्षं झाली, अप्पा," मी नको तेवढ्या जोरात म्हणालो.

ते चिडले नाहीत. "बस की पाच मिनिटं. म्हणत होती, हा नुसता दारातून डोकावून जातो."

"हे काम उरकतो, मग बसतो."

पॅसेजमध्ये स्टूल टाकून, कपाटाकडे तोंड करून बसलो. जुना पेनड्राइव्ह निम्माअर्धा वाचताच येईना. म्हणून सेन्सर बसवले त्या आठवड्यातली, सगळं सुरळीत असताना काढून ठेवलेली प्रत मी नव्यावर चढवली आणि बटण दाबलं. डबा घरघरला. फोनवर एकेक आकडा उमटला. स्वयंपाकघर एक, ती बायको. पॅसेज एक, तो मी. अप्पांची खोली दोन.

माझं डोकंच फिरलं. नवा कोरा पेनड्राइव्ह, स्वच्छ प्रत, आणि पुन्हा तेच! आता सेन्सर खोलावा लागणार म्हणून स्क्रूड्रायव्हर शोधत होतो, तेवढ्यात आकडा बदलला. अप्पांची खोली शून्य. पॅसेज तीन.

पॅसेजमध्ये मी एकटाच होतो. म्हणजे पेनड्राइव्हच बोगस! दुकानदाराच्या नावानं मी तोंडाचा पट्टा सोडला. मानेवर मात्र काहीतरी विचित्र वाटत होतं, पेपर वाचताना कुणी मागून डोकावतं ना, तसं. तीन काही हलेना. मी पेनड्राइव्हचं पाकीट उलटसुलट करून बारीक अक्षरं वाचत राहिलो. मग पॅसेज एक झालं आणि बाहेरच्या दारापाशी दोन. थोड्या वेळानं तेही शून्य.

"अहो," बायको आतून ओरडली, "अप्पांच्या खोलीत शून्य का दाखवतंय?"

"पेनड्राइव्ह फालतू निघालाय!"

"जाऊन बघा तरी."

"बघतो गं, हे एकदा परत चालू करून बघतो."

डबा बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला पाच मिनिटं लागली. अप्पांची खोली शून्यच. मी तिसऱ्यांदा बटणाकडे हात नेला, तेव्हा हात पुसत बायको माझ्या मागून गेली. पॅसेज दोन झालं, अगदी बरोबर. मग अप्पांची खोली एक. "चला, सुधारलं एकदाचं," मी मोठ्यानं म्हणालो.

ती दारात आली. "अहो, उठा. इकडे या."

अप्पा खुर्चीतच होते. एक हात शेजारच्या खुर्चीच्या हातावर टेकलेला.

डॉक्टरीणबाईंनी कागद भरताना वेळ विचारली. "अंदाजे सांगा. लगेच कळलं असतं तर..." म्हणाल्या. मी डब्यातल्या नोंदी उघडल्या. त्याआधी पेनड्राइव्ह दोनदा तपासला, कारण मला तो खराब निघायला हवा होता. तो ठणठणीत होता.

चार वाजून बारा मिनिटं: अप्पांची खोली दोन. त्याच मिनिटात शून्य. एक असं कुठेच नव्हतं. दोघं मिळूनच उठले होते. चार बारा: पॅसेज तीन. चार सोळा: पॅसेज एक, दारापाशी दोन. चार सतरा: दारापाशी शून्य.

बायकोनं विचारलं, "किती लिहायचं?"

"चार बारा," मी म्हणालो.

चार सोळाचं मी कुणाला सांगितलं नाही. चार मिनिटं ते दोघं माझ्या पाठीशी उभे होते, आणि मी पाकीट वाचत बसलो होतो.