कुंचीतला दगड

मी वरवंटा. चिंचवड गावठाणात कोंडाजीच्या घराचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून त्याला टेकवून ठेवलेला, एका टोकाचा टवका उडालेला काळा दगड. येणारा-जाणारा मला पायानं सरकवतो. सरकवू दे. माझ्यावर याहून वाईट दिवस आलेत, आणि ते मी दुसऱ्यांवरही आणलेत. तेच एकदाचं सांगून टाकायचं म्हणून आज तोंड उघडलंय.

माझा जन्म मोशीच्या खाणीत सुरुंगाच्या धडाक्यात झाला. मग एका वडारानं छिन्नी-हातोडा घेऊन मला ठोकून ठोकून गोल केलं. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, मार खाल्ल्याशिवाय आमच्यात कुणी कामाचं होत नाही. माणसांचंही तसंच असतं असं कोंडाजी म्हणायचा, पण ते खोटं आहे. मी दोघांनाही जवळून पाहिलंय.

१९६२ साली चाकणच्या आठवडी बाजारात गोणपाटावर आम्ही पाच-सहा भावंडं मांडलेली होतो. कस्तुरा आली, कोंडाजीची बायको. सोबत नऊ वर्षांची सोजरा आणि कडेवर चार वर्षांचा ज्योतीराम. तिनं एकेक वरवंटा उचलून पाहिला, खाली ठेवला. मला उचललं आणि म्हणाली, "सोजरे, ह्यो बघ कसा हाताला येतो." झालं, मी त्या घरचा झालो. हाताला येणं हा माझा गुण. तोच पुढं माझ्या मुळावर आला.

वरवंट्याला चटणी-वाटणाशिवाय आणखी एक मान असतो. बारशाला आधी पाळण्यावरून वरवंटा फिरवतात. कुंची घालतात, काजळ-कुंकू लावतात आणि "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" म्हणत बायका त्याला पाळण्याखालून-वरून एकमेकींच्या हातात देतात. मग खरं बाळ पाळण्यात निजवायचं. आत्यानं वाकून त्याच्या कानात "कुर्रर्र" करून नाव सांगायचं, आणि तिच्या पाठीत बाकीच्यांनी हसत धपाटे घालायचे. आत्यानं कानात घातलं तेच नाव, मग घरातल्या थोरल्या माणसालाही ते बदलता येत नाही. आळीत बारसं असलं की मला मागायला यायचे. कस्तुरा मला धुऊन द्यायची आणि परत आल्यावर विचारायची, "काय रं, काय नाव ठिवलं पोरीचं?" दगडाशी बोलणारी तेवढी एकच बाई मी पाहिली.

कोंडाजी तेव्हा नव्यानंच एका कंपनीत भट्टीवर लागला होता. अंगानं आडदांड. रागाला कारण लागायचं नाही, लागलं तर भाकरी करपलेली पुरायची. कस्तुराच्या दंडावरचे वळ काळे-निळे-पिवळे होत जायचे, आणि पिवळे व्हायच्या आत नवे उठायचे.

१९६४ च्या थंडीत एका रात्री ज्योतीराम तापानं फणफणला. कस्तुरा त्याच्या उशाशी जागली, सकाळी चुलीला उशीर झाला. डबा घेऊन कोंडाजी कंपनीशी पोचला तेव्हा भोंगा होऊन गेला होता. वॉचमननं त्याच्या तोंडावर गेट लावलं. आतली माणसं गजांतून हसली म्हणे. तो तसाच पायी परत आला. कस्तुरा दुपारसाठी लसणाची चटणी वाटत होती. त्यानं येऊन मला तिच्या हातातून हिसकलं.

पहिला घाव खांद्यावर बसला. ती "अवं" म्हणाली. दुसरा कानाच्या वर बसला, आणि मग ती काहीच म्हणाली नाही. माझ्यावर चटणी होती, तिच्यातच रक्त मिसळलं.

दारात सोजरा उभी होती, अकरा वर्षांची, काखेत घागर घेऊन. ज्योतीराम आत तापात झोपला होता. कोंडाजीनं कस्तुराला ओढत मोरीत नेलं, तिथल्या दगडावर पाणी ओतलं. मग मला राखेनं घासलं. आयुष्यात त्यानं घासलेली तेवढी एकच वस्तू. घासता घासता पोरीला विचारलं, "आय कशी पडली?" पोरगी मागं सरकली. त्यानं तिच्या झिंज्या धरल्या. "मोरीत घसरली. म्हन."

"घसरली."

तीनदा म्हणवून घेतलं. लोक आले, हळहळले, खांद्यावर उचलून घेऊन गेले. कुणीही जास्त विचारलं नाही. पुढं कोंडाजीनं दुसरं लग्न केलं नाही, तर बायकोवर केवढी माया म्हणून आळीनं त्याचं कौतुक केलं! मी पाट्यावर पडल्या पडल्या ते ऐकत होतो. आणि चौदाव्या दिवशी सोजरानं माझ्यानंच चटणी वाटली. वाटायला दुसरं काही घरात नव्हतं.

त्या घरात कस्तुराचं नाव बंद झालं. एकदा दिवाळीत ज्योतीरामनं विचारलं, "आक्के, आयचं नाव काय गं?" सोजरानं सांगितलं मात्र, कोंडाजीनं चुलीवरचं तापलेलं उलथनं तिच्या मनगटावर टेकवलं. तो डाग अजून आहे. पोराला पट्ट्यानं फोडलं ते वेगळंच. स्वतः कोंडाजीनं तर ते नाव कधीच घेतलं नव्हतं, ती जिवंत असतानाही. "ए" म्हणायचा, नाहीतर "कुठं मेली". एवढं मोठं शरीर आणि तीन अक्षरांना घाबरायचं.

वर्षं गेली. सोजरा लग्न होऊन चऱ्होलीला गेली. ज्योतीराम कंपनीत लागला, त्याचं सुमनशी लग्न झालं. सुमनला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. १९७९ च्या मार्चात मुलगी झाली, आणि जन्मली ती रडतच राहिली. अंगावर पिईना, निजेना. दहाव्या दिवशी शेजारच्या चतुराबाईनं, आळीतली सगळी बारशी तीच पार पाडते, पोरीला मांडीवर घेतलं. "पोटी कोनतरी माघारी आलंय. नाव वळखलं की गप व्हईल." ती एकेक करून घरातल्या गेलेल्या बायकांची नावं घेऊ लागली. "भागीरथी?" ही कोंडाजीची आई. पोरीनं सूर आणखी वर नेला. "कस्तुरा?"

पोरगी गप्प झाली. दमली असेल, मी दगड, मला काय कळतं! पण ओट्यावर बिडी ओढणारा कोंडाजी उठून उभा राहिला. त्याचा चेहरा मला दारातून दिसत होता. भट्टीत उघड्या हातानं सळई धरणारा माणूस बारा दिवसांच्या आतल्या पोरीला भ्यायला होता.

बारशाच्या सकाळी सोजरा आली. कोंडाजीनं तिला मोरीपाशी गाठलं. मुद्दाम मोरीपाशीच.

"भागीरथी ठिवायचं. माजी आय आलीय पोटाला."

"चतुरामावशी तर म्हनत्यात..."

"दुसरं नाव निघालं तर जीभ हासडीन. तुजी बी मोरी हितंच करीन. समजलं?"

"समजलं," सोजरा म्हणाली. ती पाट्यापाशी येऊन बसली आणि मला धुऊ लागली. इतकी वर्षं तिनं माझ्याकडं कधी सरळ पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं. अगदी हळू म्हणाली, "तुला तरी ठाव हाय." मला फार वाईट वाटलं. साक्ष देता आली असती तर मी तेव्हाच दिली असती.

दुपारी घर बायकांनी भरलं. पुरुष बाहेर ओट्यावर, हीच रीत. सुमननं मला लाल कुंची घातली, काजळ लावलं. माझा गोविंद-गोपाळ झाला, मला पाळण्याच्या पायाशी ठेवलं आणि पोरीला आत निजवलं. ती रडत होती. चतुराबाई म्हणाली, "चल गं आत्याबाई."

सोजरा वाकली. पदर डोक्यावरून पाळण्यावर आला. बायकांनी हात उचलून धरले.

"कुर्रर्र... कस्तुरा."

हे कानात सांगायचं असतं, पण ती ओट्यावर ऐकू जाईल एवढ्यानं बोलली. बायकांचे हात तसेच वर राहिले. तिनं पुन्हा म्हटलं, "कस्तुरा." आणि तिसऱ्यांदा, "कस्तुरा." तीनदा. माझ्या लक्षात आलं तीनदाच का ते.

कोंडाजी चपलांसकट आत आला. वाटेत आलेल्या बाईला त्यानं भिंतीवर लोटलं, चतुराबाईच्या थोबाडीत मारली, तिचा चष्मा फुटला. सोजरानं पोरीला झटकन पाळण्यातून काढून पोटाशी धरलं, वर पदर ओढला आणि पाठ त्याच्याकडं केली. त्यानं तिचा अंबाडा धरून डोकं पाळण्याच्या खांबावर आदळलं. एकदा, दोनदा. रक्त कुरडई-पापडाच्या ताटात ठिबकलं. तरी ती सरळ झाली नाही. मग तो दुसऱ्या हातानं काहीतरी शोधू लागला, आणि तो हात माझ्यावर आला. त्या हाताला माझी ओळख होती. कुंचीसकट त्यानं मला डोक्यावर उचललं.

सुमनला पाळणा रिकामा दिसला आणि सासऱ्याच्या हातात लाल कुंची दिसली. "माजी पोरगी!" अशी ती ओरडली की ओट्यावरची माणसं जागच्या जागी गोठली. एकटा ज्योतीराम आत धावला. त्यालाही तेच दिसलं, बापानं पोर डोक्यावर उचललेलं, आता आपटणार. त्यानं पुढ्यातला पाट उचलला आणि सगळ्या ताकदीनं बापाच्या कमरेत हाणला.

कोंडाजी उंबऱ्यावर उताणा कोसळला. खुबा मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मी त्याच्या हातातून सुटून फरशीवर आपटलो, गडगडलो आणि कुंचीतून बाहेर आलो. ज्योतीराम माझ्याकडं बघत राहिला. पोर नव्हतं, दगड होता. त्याच्या हातातला पाट खाली पडला, ओठ हलले, बहुतेक तो बापाची माफी मागणार होता.

पण कोंडाजी त्याच्याकडं बघतच नव्हता. तो माझ्याकडं बघत होता. पांढराफटक पडलेला. आणि म्हणाला, "घसरली व्हती. मोरीत घसरली व्हती ती."

त्याला कुणीही काही विचारलेलं नव्हतं.

सोजरा पदराआडून म्हणाली, "न्हाई. म्या बघितलंय. ह्यो दगड व्हता त्यांच्या हातात. दोनदा घातला."

ज्योतीरामनं मला उचललं. आईचा हात, बापाचा हात आणि आता याचा. तिघांच्याही हाताला मी येतो. त्यानं मला बापाच्या कपाळावर धरलं, वर नेलं. खरं सांगू? मला पडायचं होतं. पंधरा वर्षं मी त्याची वाट पाहिली होती. ते कपाळ कुठं फुटेल तेही मला ठाऊक होतं.

"ज्योत्या," सोजरा म्हणाली. कपाळावरून रक्त डोळ्यात उतरत होतं, ती पुसत नव्हती. "आत्ताच तिच्या कानात आयचं नाव घातलंय. आता लगेच ह्यो आवाज नको घालू."

त्याचा हात वरच थांबला. मग तो मोठ्यानं हुंदका देऊन वळला आणि त्यानं मला अंगणाच्या भिंतीवर फेकलं. तिथं माझा टवका उडाला.

चतुराबाई फुटका चष्मा हातात घेऊन उठली. सोजराच्या पाठीवर तिनं हलकेच एक धपाटा घातला. मग बाकीच्या बायका एकेक करत आल्या, कुणी रडत, कुणी डोळे पुसत, आणि प्रत्येकीनं तसाच हलका हात ठेवला. नाव पक्कं झालं.

आता १९८३ चाललंय. कोंडाजी त्या दिवसापासून उठला नाही. पडवीत बाजेवर असतो आणि मी बरोबर त्याच्यासमोर, दाराशी. मला फेकून द्यायला ज्योतीराम दोनदा निघाला होता. सोजरानंच अडवलं. म्हणाली, "असू दे. त्यांना दिसू दे." ज्योतीराम बापाशी बोलत नाही, पण दोन वेळचं ताट त्याच्यापुढं येतं.

कस्तुरा चार वर्षांची झाली. आजोबा पाण्यासाठी हाक मारतो, "ए पोरी," तर ती जागची हलत नाही. कमरेवर हात ठेवून म्हणते, "मला नाव हाय." एकदा त्यानं "भागीरथे" म्हणून पाहिलं, तर तिनं मागं वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून. मग रोज सुमन नाहीतर ज्योतीराम येईपर्यंत तो तहानेला राहायचा. चार वर्षं झाली, नाव घेत नव्हता.

परवा वैशाखाच्या दुपारी घरात ती एकटीच होती. तो आधी ओरडला, मग शिव्या दिल्या, मग काठी फेकली, ती मला लागली. पोरगी भिंतीशी चिंचोक्यांनी खेळत राहिली. बराच वेळ गेला. मग मला ते ऐकू आलं, सुकलेल्या घशातून, कसंबसं.

"कस्तुरा. पानी दे गं."

ती लगेच उठली. तांब्या भरून आणला, दोन्ही हातांनी धरून. त्यानं घेतला, पण पडल्या पडल्या पिताना निम्मं पाणी छातीवर सांडलं. तिनं आपल्या परकराच्या टोकानं त्याची छाती पुसली आणि सहज विचारलं, "आजोबा, माझ्या आधी हे नाव कुणाचं व्हतं?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी त्याच्याकडं. मग त्यानं तांब्या तिला परत दिला. तो ते कधीच सांगणार नाही.

मला आता पुन्हा कुणाच्या बारशाला नेऊ नका, कुंची घालू नका. तेवढं मला सोसायचं नाही. आणि एक मागणं आहे. पोरगी मोठी होतेय, तिचा प्रश्न काही थांबणार नाही. उद्या ती आळीत विचारेल, तुमच्याही दारात येऊन विचारेल की माझी आजी कशी गेली.

घसरली म्हणून सांगू नका.