मास्तरांचे मत

नाशिकला भद्रकालीच्या भाजीबाजारात खंडेराव शेटच्या धान्याच्या दुकानाची एक भिंत रस्त्याकडे होती, आणि त्या भिंतीवर रंगनाथ मास्तरांचा फळा होता. मास्तर शाळेतून निवृत्त झाले ते फळा बरोबर घेऊनच, असे बाजारात गमतीने म्हणत. रोज सकाळी मुंबईचे वर्तमानपत्र आले की मास्तर ते उभ्याउभ्या वाचीत आणि फळा भरून काढीत. वर ‘आजचा दिवस’, म्हणजे याच तारखेला पूर्वी कधी काय घडले ते. मधे पांढऱ्या खडूने राजकारणातली मुख्य बातमी. खाली पिवळ्या खडूने स्वतःचे मत. मग ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी सगळे मोठ्याने वाचून दाखवीत.

फळ्याचा एक कायदा होता. पांढऱ्या अक्षरांना कोणी हात लावायचा नाही, पिवळ्यावर मात्र कोणीही भांडायचे. भांडणात मास्तर हरले तर ते मत पुसले जाई, पण पुसायचे ते लिहिणाऱ्यानेच, सगळ्यांदेखत. मास्तरांना हरण्याची लाज वाटत नसे. एकदा तर कांद्याच्या भावावरून कांदेवाल्या मालनबाईने त्यांना दोनदा पुसायला लावले होते.

पौषात मास्तर गेले आणि फळा कोरा पडला.

त्यांची मुलगी शरयू मुलींच्या शाळेत शिकवीत असे. तिचे वाचन बापाइतकेच होते, इतिहासाचे तर काकणभर जास्तच. ती चारचौघांत रडली नाही, म्हणून तेराव्याला आलेल्या बायका तिला दगडाच्या काळजाची म्हणून गेल्या. तिने ते ऐकले आणि त्यांना जेवायला वाढले.

फेब्रुवारी संपता संपता खंडेराव घरी आले. टोपी मांडीवर ठेवून बराच वेळ मास्तरांच्या आठवणी काढल्या, मग मूळ गोष्टीवर आले.

“शरयू, भिंत मी मास्तरांना दिली होती. आता साबणवाल्यांचा माणूस मागे लागलाय. जाहिरात रंगवायची म्हणतो.”

“मी लिहू का, काका?”

खंडेरावांनी टोपी फिरवून फिरवून पाहिली. “बाईमाणसाचं ऐकायला बाजार उभा राहील?”

“तुम्ही बघा उभा राहतो का.”

“मंगळवारी लिही. लोक थांबले तर फळा तुझा. नाही थांबले तर रंगारी बोलावतो. मग माझ्यावर रुसू नकोस.”

मंगळवारी १९३७ च्या मार्चची दोन तारीख होती. शरयू उजाडता उजाडता बाजारात आली. मखमलाबादच्या बायका मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडीत होत्या. समोर अब्बास कल्हईवाल्याने भाता सुरू केला होता. तिने पदर खोचला आणि वर लिहिले: ‘आजचा दिवस. सन १९३०. हजारो अस्पृश्य बंधुभगिनी मिरवणुकीने काळाराम मंदिराशी आले. दारे बंद होती. ती त्यांच्यासाठी आजही बंद आहेत.’ हे मास्तर दरवर्षी लिहीत, त्यामुळे कोणाला नवल वाटले नाही. मधे बातमी लिहिली: निवडणुकीत काँग्रेस जिंकली आहे, आता तिने प्रांतात मंत्रिपदे घ्यावीत की नाकारावीत याचा निर्णय याच महिन्यात व्हायचा आहे.

पिवळा खडू हातात घेतला तेव्हा तिला थांबावे लागले नाही. मास्तर काय म्हणाले असते ते तिला पाठ होते. ‘गव्हर्नराने दिलेली खुर्ची गव्हर्नर केव्हाही ओढून घेतो. देशभक्तांनी उभे राहावे, बसू नये.’

तिने वाचून दाखवले. लोक जमले. वाचन संपले तेव्हा रस्ता अडला होता आणि मागून एक टांगेवाला शिव्या देत होता.

“वा,” खंडेराव म्हणाले. त्यांचे डोळे ओले झाले होते. “डोळे मिटले तर मास्तरच. फळा राहिला, पोरी. रोज असंच लिही.”

फळा राहिला होता. शरयूने खडूचा हात पदराला पुसला. छातीवरचे ओझे उतरायला हवे होते, ते काही उतरले नाही.

तेवढ्यात मेथीच्या ढिगामागून नवसाबाई बोलली. ती मास्तरांची जुनी भांडखोर श्रोती. “ताई, मास्तर गेले तवा ही निवडणूक झाली व्हती का?”

“नाही. नंतर झाली.”

“मग निकाल त्यांना कसा कळला?”

लोक हसले. अब्बास भाता थांबवून म्हणाला, “ऊपरसुद्धा पेपर जात असेल, नवसाबाई. तिथं फुकट वाचनालय असेल.”

“जात आसंल. पर म्या इचारते, हे मास्तरांचं झालं. ताईंचं काय म्हननं हाय?”

“लेकीचं मत बापाचंच असतं,” खंडेराव म्हणाले.

“माझ्या बापाचं मत व्हतं, बाईनं बाजारात बसू नाय,” नवसाबाई म्हणाली. “त्येचं ऐकलं आसतं तर तुमच्या घरी मेथी कोनी दिली आसती?”

शरयू फळ्याकडे बघत राहिली. मार्गशीर्षभर घरात याच प्रश्नावर वाद चालला होता. मास्तरांचा मुळात निवडणुकीलाच विरोध होता. तिचे म्हणणे होते, हातात येईल ती सत्ता घ्यावी आणि वापरून बघावी. शेवटच्या आजारात खोकला मधे मधे येऊ लागला तेव्हा मास्तर म्हणाले होते, “निकाल लागू दे. मग बघू कोण पुसतं ते.” निकाल लागला तेव्हा वाद घालायला ती एकटीच उरली होती. आणि आज तिने न भांडता, न पटता, आपला पराभव फळ्यावर लिहून टाकला होता. मास्तरांनी तो असा फुकटचा कधीच घेतला नसता.

“नवसाबाईचं खरं आहे,” ती म्हणाली. “हे मत माझं नाही. पण पुसायचं कोणी? लिहिणाऱ्यानेच पुसायचं असा कायदा आहे.”

अब्बास हलक्या आवाजात म्हणाला, “हात तर तुझाच होता, बेटी.”

तिने फडके भिजवले. पहिल्यांदा ‘बसू नये’ पुसले, मग उलटे उलटे मागे येत सगळी ओळ. पिवळे पाणी मनगटावरून कोपराकडे ओघळले. तिचा चेहरा लोकांना दिसत नव्हता, आणि ती पाठमोरी उभी होती तेवढा वेळ बाजारात भावाची घासाघीसही कोणी केली नाही.

फळा ओला असतानाच तिने लिहिले: ‘खुर्च्या घ्याव्यात. सात वर्षांपूर्वी न उघडलेली दारे उघडायला कायदा हवा, आणि कायदा खुर्चीवर बसल्याशिवाय होत नाही. कायद्याने प्रश्न सुटेल.’

वाचून होताच खंडेरावांचा चेहरा बदलला. रामाच्या दर्शनाशिवाय ते दुकानाचे कुलूप काढत नसत. “मुंबईच्या खुर्चीचा आणि आमच्या देवळाचा काय संबंध? हे पूस.”

“पटवून द्या, काका. लगेच पुसते.”

“भिंत माझी आहे.”

“भिंत तुमचीच आहे. फळा उतरवायचा तर उतरवा. पण टांगलेला असेपर्यंत मी मला वाटतं तेच लिहीन.”

खंडेराव गर्दीत कोणी आपल्या बाजूचे सापडते का ते पाहू लागले. कडेला पुंजाराम उभा होता. तो रेल्वेच्या रुळांवर काम करी, फळा स्वतः वाची, आणि तीस साली त्या मिरवणुकीत चालला होता. “तू सांग रे, पुंजाराम. देवळात जाऊन असं काय मिळणारे तुम्हाला?”

“ते मी कसं सांगू, शेट?” पुंजाराम म्हणाला. “रोज तुम्ही जाता. काय मिळतं ते तुम्हीच सांगा.”

हसू असे उसळले की टांगेवाल्याचा घोडा बिचकला. खंडेराव हसले नाहीत, पण निघूनही गेले नाहीत. पोत्यावर बसले आणि बोटाने फळ्याकडे दाखवीत म्हणाले, “कायद्याने प्रश्न सुटेल, हे खोटं आहे. कायदा दार उघडील. आत पुजाऱ्याने तोंड फिरवलं, शेजारच्याने अंग चोरलं, त्याला कुठला कायदा?”

शरयूने फळ्यावरचे ते वाक्य पुन्हा वाचले. ती विचार करीत होती, आणि लोक तिला विचार करू देत होते.

“हे बरोबर आहे, काका,” ती शेवटी म्हणाली. फडके घेऊन तिने शेवटचे वाक्य पुसले, आणि तिथे लिहिले: ‘कायद्याने दार उघडेल. पुढचे काम नाशिककरांचे.’

“आता नाशिककरांवर ढकललं,” खंडेराव कुरकुरले. पण मास्तरांच्या मुलीला आपण एक वाक्य पुसायला लावले, हे त्यांच्या मिशांना कळले होते. मोठा वाद तसाच राहिला. थोड्या वेळाने ते नोकराला हाक मारून म्हणाले, “वाळू, त्या साबणवाल्याला सांग, मागची भिंत हवी तर बघ म्हणावं. इकडे जागा नाही.”

शरयू खडू डबीत ठेवू लागली तशी नवसाबाई उठून जवळ आली. हात लुगड्याला पुसले. “ताई, खाली जागा हाय. माझं बी एक मत लिव्हाल का?”

“कोणाचं म्हणून लिहू?”

“नवसाबाईचं म्हनून. भांडायला म्या हितंच बसलेली हाय दिसभर.”

शरयूने पिवळा खडू पुन्हा काढला. नवसाबाई सांगत गेली, ती लिहीत गेली: ‘खुर्चीवर बसणाऱ्यांनी आधी एक दिवस आमच्या गोणपाटावर उन्हात बसून बघावे. — नवसाबाई, मखमलाबाद.’

“हे मला मुळीच पटलेलं नाही,” खंडेराव पोत्यावरून म्हणाले.

“मग या की शेट हिकडं,” नवसाबाई म्हणाली आणि आपल्या गोणपाटावर थोडी सरकली.