ठोका कुणाचा?

मित्रांनो, मी एक जुना लाकडी चौथरा आहे. उंची जेमतेम वीतभर. लंडनबाहेरच्या एका टाउन हॉलमध्ये वाद्यवृंदाचे संचालक सर लायनेल गारसाइड माझ्यावर उभे राहून छडी हलवत. टाळ्या त्यांना पडत आणि फुगत मी असे.

त्या दिवशी एका नव्या इंग्लिश सिंफनीचं रेकॉर्डिंग होतं. तिचा शेवट फार हळुवार होता. रेकॉर्डिंग सुरू झाल्याचा लाल दिवा लागला, सूर विझत आले आणि तेवढ्यात 'ठक्'!

"सर, परत ठोका आला," आतल्या खोलीतून तंत्रज्ञ म्हणाला.

सर लायनेल कडाडले, "बर्ट! तो पाय घरी ठेवून येत जा की!"

बर्ट म्हणजे डबल बास, ते माणसाहून उंच व्हायोलिनसारखं वाद्य, वाजवणारा म्हातारा. पायाने ताल धरायची त्याची खोड जगजाहीर होती. पुढच्या वर्षी त्याला ठेवायचं की नाही, हे सरांच्याच हातात होतं. त्याने मुकाट्याने बूट काढले. मोज्यातून अंगठा डोकावत होता.

"घ्या सर, आता मांजर झालो!"

सगळे हसले. दिवा लागला. पुन्हा ठक्!

"बाहेर बस, बर्ट. पुढच्या वर्षी दुसरा बघतो मी."

बर्टने बास अलगद आडवा ठेवला आणि तो गेला. दिवा लागला. ठक्!

आता सगळे माझ्याकडे बघू लागले. हळुवार जागा आली की सरांची टाच नकळत उचलली जाई आणि माझी सैल फळी वाजे. पाय त्यांचा, आवाज माझा आणि बदनामी बर्टची! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरांनी खाली पाहिलं आणि ते कानापर्यंत लाल झाले.

"इथे गालिचा टाका," एवढंच ते म्हणाले.

रेकॉर्डिंग छान झालं, एक बास कमी ठेवून. मग चहाची सुट्टी झाली. बर्ट मोज्यांवरच सरांचा कप घेऊन आला.

"सापडला का हो ठोका?"

"सापडला," चहा ढवळत सर म्हणाले. बाकीचे आपापल्या कपात बघत राहिले.

"मी गेल्यावर थांबला, म्हणजे माझाच होता तर," बर्ट म्हणाला. "माफ करा, सर." आणि तो बूट शोधायला गेला.

मित्रांनो, मला जपा, असं म्हणायला मला तोंड नाही. पण दुसऱ्यावर बोट रोखण्याआधी आपल्या पायाखाली काय जळतंय ते बघा. आणि कळल्यावर तरी बोला. मी तर लाकूड होतो. तिथे बाकी सगळी माणसं होती.