माझ्या पोटातला कीस

मित्रांनो, नावाला घाबरू नका. मी एक जुना टॉर्क कन्व्हर्टर आहे, ऑटोमॅटिक गाडीतला. दोन पराती तोंडाला तोंड लावून कडेने कायमच्या जोडाव्यात, तसा माझा आकार. आत पात्यांची चक्रं आणि तेल. इंजिन एक चक्र फिरवायचं, ते दुसऱ्यावर तेल फेकायचं आणि त्या जोरावर गिअरबॉक्स चालायचा. क्लच दाबायलाच नको!

म्हणून तर आमच्या मालकीण ताईंनी ही गाडी घेतली. त्यांचा डावा पाय लहानपणापासून अधू. दर मंगळवारी त्या आपल्या आईंना घेऊन इस्पितळात जायच्या. वाटेत रेल्वेचं फाटक लागायचं. "गाडी कशी लोण्यासारखी चालते!" असं आई म्हणायच्या आणि मी फुगायचो. पण बारा वर्षांत माझं तेल मात्र कुणी बदललं नाही.

मग एका मंगळवारी, नेमका रुळांवर, गिअरबॉक्सने मान टाकली. इंजिन ओरडतंय, चाकं ढिम्म! तेवढ्यात फाटकाची घंटा वाजू लागली. लोक धावले, गाडी ढकलली, म्हणून वाचलो.

गॅरेजात मिस्त्रींनी गिअरबॉक्स उघडला आणि झिजलेल्या चकत्या बदलल्या. आता मी भंगारात जाणार, या भीतीने मी गारठलो. पण मिस्त्री म्हणाले, "हा दणकट आहे. धुऊन परत बसवू."

आनंद व्हायला हवा होता ना? उलट माझी पाचावर धारण बसली. त्या चकत्यांचा कीस तेलाबरोबर वाहत येऊन माझ्याच पोटात साचला होता. मला बसवलं की तो दुरुस्त झालेल्या गिअरबॉक्सात जाणार. मग पुन्हा ते रूळ, पुन्हा ती घंटा! नका हो बसवू मला! पण ओरडायला मला तोंड कुठलं?

मिस्त्रींनी माझ्या मधल्या भोकातून आत रॉकेल ओतलं, हलवलं, उपडं केलं. असं तीनदा. शेवटचं रॉकेल स्वच्छ आलं. "झाला चकाचक!"

स्टुलावर बसलेल्या आईंनी विचारलं, "एवढ्याशा भोकातून आत हात जातो का हो तुमचा?"

"हात कसा जाईल, आजी? जोडलेला आहे तो."

"मग घासलंत कशाने? तेलाची बरणी कधी नुसती विसळून निघते होय?"

मिस्त्री हसले. "तीस वर्षं हेच करतोय, आजी."

ताई हसल्या नाहीत. "कापा तो. आत काय आहे ते मला बघायचंय."

"कापला की संपला, ताई. नवाच लागेल."

"लागू दे. आईला घेऊन मला त्याच रुळांवरून जायचंय."

लोखंड कापायचा ग्राइंडर माझ्या कडेला लागला. आई गं! किती भ्यालो म्हणून सांगू! दोन तुकडे झाले. पात्यांच्या बेचक्यांत काळा, चिकट थर होता. मिस्त्रींनी बोट फिरवलं, तर बोटावर धातूचा कीस चमकला. त्यांचा चेहरा उतरला.

"हा मी बसवणार होतो," ते हळूच म्हणाले. त्याच आठवड्यात त्यांनी नवा कन्व्हर्टर बसवला.

आता माझे दोन्ही तुकडे गॅरेजच्या दारात टांगलेत. कुणी "धुऊन चालवा की" म्हणालं, की मिस्त्री माझ्याकडे बोट दाखवतात. मित्रांनो, आमचं तेल वेळेवर बदला. आणि जिथे हात पोचत नाही, तिथे साफ झालं असं म्हणू नका.

आज मंगळवार. फाटकाची घंटा इथवर ऐकू येते आणि मला अजून कापरं भरतं. इस्पितळातून परत येताना आई गाडीच्या काचेतून माझ्याकडे बघतात. तोवर माझ्या जिवात जीव नसतो.