एकही डाग नाही

मी एक जुना मेणाचा ठोकळा आहे. आकाराने खोडरबराएवढा. माझ्या पोटात एका आईच्या गर्भाशयातला मसुराएवढा तुकडा आहे. पाळी थांबून दहा वर्षं झाल्यावर तिला पुन्हा रक्त जाऊ लागलं, म्हणून तो काढला होता.

मित्रांनो, मला घडवलं मेणताईने. प्रयोगशाळेत सगळे तिला याच नावाने हाक मारतात. तिने तुकड्यावर वितळलेलं मेण ओतलं, मला बर्फावर ठेवलं आणि पात्याने माझे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढले. दुखलं नाही. मेणाला काही दुखत नाही.

काचेवर ठेवलेल्या पहिल्या कापात कर्करोग दिसला. प्रकार बहुधा सौम्य, असं ठरलं आणि लहान शस्त्रक्रियेची तारीखही मिळाली. पण तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्या मनात पाल चुकचुकली. "पेशी फारच वेड्यावाकड्या दिसताहेत. एक प्रथिन शाबूत आहे का, ते रंग लावून बघू," त्या म्हणाल्या. माझा आणखी एक काप गेला.

दोन दिवसांनी त्या आईची लेक अहवालासाठी खिडकीशी आली. मेणताईच्या हाताचं सगळे कौतुक करतात, पण तिचं बोलणं तुटक. "गाठीत एकही डाग आला नाही," ती म्हणाली. पेशींनी रंग धरला की आमच्याकडे त्याला डाग म्हणतात. लेकीने तिथूनच फोन लावला. "आई, एकही डाग नाही! सुटलो गं!"

डॉक्टरीणबाई आतून धावत आल्या. "अगं, थांब! साध्या पेशींत थोडे तपकिरी ठिपके हवेतच. गाठीशेजारच्या पेशींत ते आहेत, गाठीत एकही नाही. म्हणजे पेशींना लगाम घालणारं प्रथिनच गेलंय. हा प्रकार जहाल आहे. मोठी शस्त्रक्रिया लागेल, पुढे औषधंही."

फोन चालूच होता. पलीकडून आई म्हणाली, "बरं. ऐकलं मी. तू जेवलीस का?"

मेणताई खिडकीची कडी लावत-काढत राहिली. त्या दिवसापासून ती डाग हा शब्द उच्चारत नाही.

याला अकरा वर्षं झाली. मी थंड खोलीतल्या खणात आहे. रोग उलटला की आम्हाला पुन्हा मागवतात. मला कोणी मागवलं नाही. ती आई बरी झाली असेल, किंवा मागवायची गरजच उरली नसेल. मेणाला दोन्ही सारखंच, असं मी म्हणत आलो. तरी खण ओढल्याचा आवाज आला की मला भीती वाटते.

मित्रांनो, आम्हाला उन्हात टाकू नका, वितळून जाऊ. आणि कोणाला बातमी सांगाल तेव्हा वाक्य पुरतं सांगा. त्या आईच्या घरी आनंद जेमतेम अर्धं मिनिट टिकला.